यूट्यूब पार्टनर प्रोग्राम: वाटा चांगला, वाट लांब

यूट्यूब पार्टनर प्रोग्राममध्ये, म्हणजे चॅनेलवरून कमाई करण्याच्या योजनेत, जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा लांब व्हिडिओच्या निर्मात्याला मिळतो. पण त्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास सार्वजनिक वॉचटाइम (लोकांनी सार्वजनिक व्हिडिओ पाहण्यात घालवलेला वेळ) लागतो. या तासांऐवजी ९० दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) १ कोटी व्ह्यूज झाले तरी दार उघडतं. इथेच बरेच जण फसतात: शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेले तास त्या ४,००० मध्ये धरले जात नाहीत. शिवाय शॉर्ट्सचा वाटा ४५ टक्के, तोही सगळ्या शॉर्ट्सच्या जाहिरातींचे पैसे एकत्र केलेल्या सामायिक निधीतून. म्हणजे शॉर्ट्स ओळख वाढवायला ठीक, घर चालवायला नाही.

८ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत मधल्या जाहिराती लावता येतात. त्या आपोआप सोडल्या तर वाक्याच्या मधोमधही येऊ शकतात. एडिटरमध्ये जाऊन विषय बदलतो तिथे हातानेच लावा.

खरी डोकेदुखी ॲडसेन्सची, म्हणजे जाहिरातीचे पैसे हाती देणाऱ्या गुगलच्या सेवेची. कमाई १० डॉलरला पोहोचली की पत्त्याची खातरजमा करणारा पिन (सांकेतिक क्रमांक) साध्या टपालाने निघतो. पत्त्यात वाडी, जवळची खूण, पिनकोड नीट लिहा, नाहीतर पत्र भटकत राहतं (आणि पोस्टमनला दोष देऊन उपयोग नाही). चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. अमेरिकी कराचा फॉर्मही लगेच भरा. तो राहिला तर जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. पैसे १०० डॉलर जमल्यावरच, साधारण २१ ते २६ तारखेदरम्यान सुटतात.

नव्या चॅनेलने पहिल्या वर्षी यावर घरभाड्याचा हिशेब मांडू नये.