ब्रँडच्या शोरूममधून बाबांसाठी फोन घेतला, अनुभव सविस्तर लिहितेय (५ पैकी २ स्टार)

जानेवारीत एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या पुण्यातल्या एक्सक्लुझिव्ह शोरूममधून बाबांसाठी फोन घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण नंतर ऑफिसमध्ये हा विषय निघाला तेव्हा तिघांनी तीन वेगळ्या कंपन्यांच्या शोरूमबद्दल जवळपास हेच सांगितलं, म्हणजे नाव बदललं तरी गोष्ट तीच. लांबलचक होणारे पण पूर्ण वाचा, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांसाठी फोन घेणार असाल तर.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. एका कानाला कमी ऐकू येतं. त्यांची अट एकच होती, समोरच्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ यायला पाहिजे, बाकी कॅमेरा वगैरे काहीही असू दे. भाऊ म्हणाला ऑनलाइन घे, दीड हजारानं स्वस्त आहे. मला तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, घ्यायचा होता कारण आमच्या घरातला पंखा, मिक्सर, आईचा रेडिओ सगळं तिथलंच आणि तिथला माणूस चेहऱ्यानं ओळखतो. पण बाबा म्हणाले नको, कंपनीच्या दुकानातूनच घेऊ, उद्या काही झालं तर जाऊन विचारता तरी येईल. आम्ही दीड हजार जास्त मोजले ते फक्त एवढ्यासाठी.

शनिवारी दुपारी गेलो. आत शिरल्या शिरल्या, अजून बाबा बसलेसुद्धा नव्हते, तर एक मुलगी टॅब घेऊन आली आणि मोबाईल नंबर मागितला. कशासाठी विचारलं तर म्हणे एंट्रीसाठी. बाबांनी दिला. मग ओटीपी आला, तोही त्यांनी सांगून टाकला, मी तेव्हा टेबलावरचे फोन बघत होते. पाच मिनिटांनी बाबांच्या मोबाईलवर मेसेज की तुम्हाला अमुक रुपयांपर्यंत कर्ज मंजूर आहे! आम्ही ईएमआयचं नावही काढलं नव्हतं. त्यानंतर दोन आठवडे त्यांना रोज फायनान्सवाल्यांचे कॉल येत होते. हे मला घरी आल्यावर कळलं की मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना सांगितलंय की मोबाईल नंबरसाठी गिऱ्हाइकाला अडवून धरू नका. त्यामुळे नंबर मागितला तर नाही म्हणा, बिल नंबराशिवाय होतं.

आता डेमो फोनबद्दल. टेबलावर वीसेक फोन वायरनं बांधलेले, सगळ्यांवर तोच व्हिडिओ सुरू. स्क्रीन बघता येते, फोटो काढता येतो, गेम लावून दाखवतात. पण एकाही फोनमध्ये सिम नाही! म्हणजे फोनवर बोलताना आवाज कसा येतो, जे बाबांना बघायचं होतं, तेच बघायची सोय नाही. मी म्हणलं माझं सिम टाकून एक कॉल करून बघूया का, तर डेमो पीसमध्ये अलाऊड नाही म्हणे. मग तिथल्या विकणाऱ्या मुलानं गाणं लावून दाखवलं. गाणं मुख्यतः खालच्या स्पीकरवर वाजतं, कॉलचा आवाज वरच्या कानाशी असलेल्या इअरपीसमधून येतो, दोन्ही वेगळे भाग आहेत. बाबांनी तीन वेळा विचारलं, बाळा कानाला लावल्यावर कसा येतो आवाज, आणि तिन्ही वेळा तो मुलगा माझ्याकडे बघून बोलला. मॅम, प्रोसेसर एकदम भारी आहे. फोन बाबांचा, पैसे बाबांचे, खिशातून पासबुक काढून शिल्लक बघून आलेले बाबा, आणि त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. मला या सगळ्यात याचंच सर्वात जास्त वाईट वाटलं.

किंमतीचा प्रकार असा. टेबलावरच्या पाटीवर मोठ्या आकड्यात २२,९९९. खाली मुंगीएवढ्या अक्षरात की एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डवर ईएमआय केला तरच. आम्ही यूपीआयनं सगळे पैसे एकदम देणार, तर २४,९९९. म्हणजे रोख पैसे देणारा महाग आणि हप्ते करणारा स्वस्त. आणि तो नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी म्हणवणारा, ईएमआयसुद्धा अगदी नो कॉस्ट नसतो बरं का, बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम आधी सूट म्हणून कमी केलेली असते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो आणि बऱ्याच बँका प्रोसेसिंग फी घेतात ती वेगळी. हे कुणी सांगत नाही, स्टेटमेंटमध्ये कळतं.

बिलाच्या वेळी बाबा काउंटरला गेले आणि मी त्यांच्या जुन्या फोनमधले नव्यात घ्यायचे फोटो निवडत बसले होते, ती माझी चूक झाली. बाबा परत आले तेव्हा २८,०९८ रुपये गेलेले. फोन २४,९९९, प्रोटेक्शन प्लॅन १,९९९, आणि कव्हर व ग्लासचे ११००. प्लॅन आम्ही मागितलाच नव्हता. विचारलं तर उत्तर, मॅम तो सगळ्यांना असतो, सिस्टिममध्ये ॲडच होतो. काढून टाका म्हणलं तर आता बिल जनरेट झालं, रिव्हर्स होणार नाही. आणि ११०० चं बिल तर साध्या कागदावर पेनानं लिहिलेलं, त्यावर ना जीएसटी नंबर ना काही. फोनवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे २४,९९९ मधले जवळपास ३,८०० रुपये कर म्हणून आम्ही भरले, आणि त्याच काउंटरवर ग्लास मात्र कागदाच्या चिठ्ठीवर.

निघताना खोका आमच्यासमोर फोडला, फोन चालू करून ॲक्टिव्हेट केला. म्हणे कंपनीचा नियम आहे, ॲक्टिव्हेट करूनच द्यायचा. बाबांना पेढा दिला, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. तेव्हा बाबा खूश होते, ते खरंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला तर समोरचा आवाज फरफर फरफर. आधी वाटलं नेटवर्क. मग माझ्या फोनवरून, भावाच्या फोनवरून, व्हॉट्सॲप कॉल करून, सगळं करून बघितलं. इअरपीसच खराब. म्हणजे जी एक गोष्ट बघायची होती आणि बघू दिली नव्हती, नेमकी तीच.

सोमवारी हाफ डे टाकून शोरूमला गेले. तोच मुलगा, पण आता बसायलाही सांगितलं नाही. म्हणाला सील तुटलंय, ॲक्टिव्हेट झालाय, आमच्याकडून काही होणार नाही. अरे पण सील तुम्हीच तोडलंत ना, ॲक्टिव्हेट तुम्हीच केलात ना, नियम तुमचाच! तर म्हणे सर्व्हिस सेंटरला जा, तिथून डीओए लेटर आणा, सात दिवसांच्या आत. डीओए म्हणजे नवीन पीस मुळातच खराब निघाला असं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं लिहून द्यायचं. सर्व्हिस सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन रिक्षा बदलून, जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना घेऊन गेले कारण फोन त्यांच्या नावावर आणि ओटीपी त्यांच्याच नंबरवर. पावणेदोन तास थांबलो. मग इंजिनिअरनं सॉफ्टवेअर अपडेट मारलं, फोन रिसेट केला, आता बघा म्हणाला. घरी आल्यावर परत तेच फरफर. बुधवारी पुन्हा गेलो, फोन ठेवून घेतला, जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याची पावती, दिली, आणि शुक्रवारी, म्हणजे घेतलेला शनिवार धरून सातव्या दिवशी, लेटर मिळालं. एक दिवस उशीर झाला असता तर तेही नाही.

लेटर घेऊन शोरूमला गेले तेव्हा वाटलं सुटलो. तर मॅनेजर म्हणाले, मॅडम आम्ही फक्त फ्रँचायझी आहोत, कंपनीचं अप्रूव्हल यायला पाहिजे. कंपनीच्या टोल फ्रीला फोन केला तर ते म्हणाले डीलरशी बोला, बिल त्यांचं आहे. मग मी पहिल्यांदा बिल नीट वाचलं. वरती कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव, कंपनीचं नाव फक्त फोनच्या मॉडेलपुढे. बाहेर वीस फुटी बोर्ड कंपनीचा, आतल्या मुलांच्या टीशर्टवर लोगो कंपनीचा, बिल तिसऱ्याच माणसाचं, आणि दुरुस्ती चौथ्याकडे. बाबा ज्याच्या भरवशावर त्या दुकानात गेले ती कंपनी त्या दुकानात नव्हतीच.

आपल्याकडे असं का आहे याचं एक कारण आहे. परदेशी कंपनीला भारतात स्वतःच्या एकाच ब्रँडचं दुकान काढायचं आणि त्यात तिचा हिस्सा ५१ टक्क्यांच्या वर असेल तर ३० टक्के माल देशातून घ्यायची अट होती, ती ऑगस्ट २०१९ मध्ये बरीच सैल झाली. तोपर्यंत डिस्ट्रिब्युटर आणि फ्रँचायझी हाच बहुतेकांचा रस्ता, आणि तो पुढेही चालूच राहिला. ॲपलचंच घ्या, त्यांनी अमेरिकेत व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियात पहिली दोन दुकानं १९ मे २००१ ला उघडली, आणि आपल्याकडे मुंबईत बीकेसीला १८ एप्रिल २०२३ ला, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक स्वतः दार उघडायला आले होते. पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये. मधली बावीस वर्षं इथे दुकानात जाऊन घ्यायचा तर त्यांचा माल दुसऱ्यांच्याच दुकानातून मिळायचा. पण त्या अमेरिकेतल्या दुकानांत पहिल्यापासून एक गोष्ट होती की विक्री आणि दुरुस्तीचं टेबल एकाच छपराखाली, ज्याला ते जीनियस बार म्हणतात. ही कल्पना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडच्या फ्रँचायझी शोरूमनी काचा, पांढरे दिवे, लाकडी टेबलं सगळं तिकडच्यासारखं केलं पण हे टेबल तेवढं आणलं नाही.

शेवटी काम कशानं झालं ते सांगते. बिलाच्या मागे छापलंय की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. असं छापलं म्हणून दुकानदार मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७), त्यात सरळ लिहिलंय की खराब माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मी हे कलम, डीओए लेटरचा फोटो, जॉबशीट आणि बिल जोडून कंपनीला आणि त्या एंटरप्रायझेसला एकाच मेलमध्ये पाठवलं, दोघांना एकमेकांचं दिसेल असं. आणि १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, मराठीत बोलता येतं तिथे. खाली लिहिलं की नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. इतके दिवस कुणी फोन उचलत नव्हतं, दोन दिवसांत मॅनेजरचा स्वतःहून कॉल आला. एकोणिसाव्या दिवशी नवीन पीस मिळाला.

त्या एकोणीस दिवसांत बाबा माझ्या मुलाच्या जुन्या कीपॅड फोनवर होते, कारण त्यांच्या जुन्या फोनचं चार्जिंग तोपर्यंत बंदच पडलं होतं. दूधवाल्याला यूपीआय नाही, शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो तो नाही. तक्रार केली नाही त्यांनी एकदाही. उलट मलाच म्हणायचे की जाऊ दे, तुझी रजा जाते. ऑनलाइनवाला फोन घेतला असता तर बरं झालं असतं असं त्यांनी एकदा म्हटलं, आणि कंपनीच्या दुकानाचा हट्ट माझाच होता असंही. मला फार वाईट वाटलं ते ऐकून, कारण त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

दोन स्टार का दिले, एक का नाही, तर त्या विकणाऱ्या मुलामुळे. रिप्लेसमेंटच्या दिवशी बोलणं झालं त्याच्याशी. बीडचा आहे, सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभा असतो, आणि प्लॅन, कव्हर, ग्लास या प्रत्येकाचं रोजचं टार्गेट असतं, ते झालं नाही तर संध्याकाळी ग्रुपवर नाव येतं. बाबांना काका सॉरी म्हणाला तो. मग स्वतःचं सिम काढून नव्या फोनमध्ये टाकलं, बाहेर फुटपाथवर जाऊन दुसऱ्या फोनवरून कॉल लावला आणि बाबांना विचारलं, काका येतोय का नीट. येतोय म्हणाले बाबा. हे पहिल्या दिवशी करायला दोन मिनिटं लागली असती. म्हणून तुम्ही गेलात तर खोका फोडल्यावर पैसे द्यायच्या आधी त्या पीसमध्ये सिम टाकून कॉल करायचा हट्ट धरा, आणि बिल छापायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून एकेक ओळ वाचा. आई-वडिलांना काउंटरला एकटं पाठवू नका.

फोन आता चांगला चाललाय, फोनबद्दल तक्रार नाही. प्रोटेक्शन प्लॅनचे १,९९९ मात्र अजून आलेले नाहीत, मॅनेजर म्हणतात प्लॅनवाली कंपनी वेगळी आहे, त्यांच्याशी बोला. त्यासाठी १९१५ वर दुसरी तक्रार केलीय, ती अजून ओपन आहे. पैसे आले की इथेच खाली टाकते.