जीबीएसनंतरचा फूट ड्रॉप स्प्लिंट: दुकानात हातात येतो तो, आणि लागतो तो

जीबीएस म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार. त्यानंतर पंजा वर उचलता येत नसेल, तर त्याला फूट ड्रॉप म्हणतात, आणि पंजा धरून ठेवणारा आधार म्हणजे स्प्लिंट. मेडिकलच्या दुकानात नुसतं ‘फूट ड्रॉप स्प्लिंट द्या’ म्हटलं, की पुष्कळदा काटकोनात वळलेला, आतून जाड स्पंज लावलेला कडक साचा मिळतो. तो रात्री झोपताना घालायचा असतो. पंजा खाली लोंबून टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) आखडू नये, एवढंच त्याचं काम. तो घालून चालायला गेलं की तळवा घसरतो आणि माणूस पडतो. चालण्यासाठीचा वेगळा: पोटरीमागून तळव्याखाली जाणारी पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची पातळ पट्टी, घोट्यामागे निमुळती, पाऊल टाकताना किंचित लवणारी. हे परीक्षण या दुसऱ्या, तयार मिळणाऱ्या स्प्लिंटचं आहे.

गुइलेन-बॅरे सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. अशक्तपणा बहुधा पायांतून सुरू होऊन वर चढतो. सुधारणा साधारण उलट क्रमाने होते, म्हणून पंजा बहुतेकदा शेवटी उठतो. फक्त नसेवरचं आवरण खराब झालं असेल तर काही आठवड्यांत ते भरू लागतं. आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर मोजून पाहा, महिने का लागतात ते कळेल. तेवढे दिवस पंजा उचलून धरायला हा स्प्लिंट आहे. त्याने नस बरी होत नाही, स्नायूंत ताकदही येत नाही. व्यायामाच्या वेळी तो काढायचाच.

किंमत हजार रुपयांच्या आसपास. आपल्या पायाच्या साच्यावरून बनवून घेतला तर कित्येक पट. घोटा आत वळत नसेल आणि गुडघा सरळ ठेवून पंजा हाताने काटकोनात येत असेल, तर तयार स्प्लिंट पुरतो. पोटरी भरून आली की माप बदलतं, त्यामुळे सुरुवातीलाच महागडा घेण्याची घाई करू नये. घोटा मुरगळत असेल, शीर आखडली असेल किंवा तळवा पूर्ण बधिर असेल, तर मात्र साच्यावरचाच घ्यावा. तिथे पैसे वाचवू नयेत.

दुकानातच बसून घालून बघा. डावा-उजवा वेगळा असतो. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो, वरची कड त्याच्या दोन बोटं खाली हवी. पंजा उचलणारी नस तिथे हाडाला अगदी चिकटून जाते. पट्टा तिथे काचला तर आधीच दुखावलेली नस आणखी दबते, आणि ज्यासाठी स्प्लिंट घेतला तेच बिघडतं.

पहिल्या दिवशी एकच तास घाला. काढल्यावर टाच, घोट्याची दोन्ही हाडं आणि पोटरी घरच्या माणसाने बघायची, कारण रुग्णाला टोचलेलं कळेलच असं नाही. लाली अर्ध्या तासात गेली तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवा. नाही गेली तर स्प्लिंट बंद ठेवून बनवणाऱ्याकडून ती जागा मोकळी करून घ्या. मधे कापूस कोंबू नका, दाब वाढतो.

खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्यात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात गेला की प्लास्टिकखाली घामाची धार लागते. गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा हवाच, आणि तो दिवसातून दोन-तीनदा बदलायचा. स्प्लिंट ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. पत्र्यावर उन्हात टाकला की अस्तराचा डिंक सुटतो. वेलक्रोचा शत्रू म्हणजे कपाशी. वावरातून आल्यावर हुकांत सरकी-तंतू अडकलेले असतात, जुन्या टूथब्रशने ते काढा. पकड गेली तर बॅगा शिवणारा नवी पट्टी लावून देतो.

चप्पल चालत नाही. टाच बंद असलेला, लेसचा किंवा पट्ट्याचा बूट एक नंबर मोठा घ्या, आतला सोल काढा, आणि दुसऱ्या बुटात तो सोल राहू द्या म्हणजे दोन्ही पायांची उंची जुळते. नुसता स्प्लिंट घालून शहाबादीवर चालू नका. घोटा पुरेसा वाकत नसल्याने उकिडवं बसणंही धोक्याचं. संडासात कमोडची खुर्ची आधी आणा, स्प्लिंट नंतर. जुन्या धाब्याच्या घरांचे उंबरे उंच असतात, त्यांवर पांढरा पट्टा ओढा. ‘हिंमत धर, चाल’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

चालण्यासाठी 5 पैकी 4 गुण, एप्रिल-मेमध्ये 3. मांड्याच अशक्त असतील तर शून्य: गुडघा दुमडतो, तिथे आधी वॉकर.

अशक्तपणा पुन्हा वर चढू लागला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर स्प्लिंट बाजूला ठेवून त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. आजार सुरू झाल्यापासून आठ आठवडे उलटूनही अशक्तपणा वाढतच असेल, तर निदान पुन्हा तपासून घ्या. सीआयडीपी, म्हणजे नसांचा असाच पण लांबत जाणारा आजार, असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे.

खुर्चीत बसून, टाच टेकवून पंजा सलग दहा वेळा न थकता उचलता आला, की फिजिओथेरपिस्टला दाखवून घरात स्प्लिंट काढून चालायला सुरुवात करा. बाहेर, आणि संध्याकाळी पाय थकल्यावर, तो आणखी काही आठवडे राहू द्या.