नाना पेठेतला रेडियमवाला आणि माझं स्पिटफायर

नंबरप्लेटच्या दुकानात विमानाचं काय काम, हा प्रश्न आधी बायकोने विचारला आणि मग दुकानातल्या पोराने. नाना पेठेत टूव्हीलरच्या ॲक्सेसरीजची रांग आहे त्यातलं हे एक बारकं दुकान, पुढे सीटकव्हरं लटकलेली, आत एक कॉम्प्युटर, एक कटिंग प्लॉटर (कॉम्प्युटरवरून स्टिकर कापणारं मशीन) आणि बुलेटच्या टाकीवर 'राजे' लिहून घ्यायला आलेली तीन पोरं. त्या गर्दीत मी काखेत स्पिटफायरचा पंख धरून उभा. दुकानाचं नाव टाकत नाही, त्याला विचारलेलं नाही, आणि खरं तर असा प्लॉटरवाला तुमच्याही गावात असणारच, म्हणूनच एवढं लांबण लावतोय.

विमान म्हणजे १४०० मिमी पंखांचं फोमचं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, स्पिटफायर; खरं स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. उडायला झकास, दिसायला अगदी खेळण्यातलं. चकचकीत रंग, पॅनल लाइनी, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, एवढ्या खोल की त्यात मुंग्यांची वसाहत होईल, आणि पायलट बघाल तर गडी चंद्रावर निघालाय असं वाटतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्यांचे फोमी थोड्याफार फरकाने असेच येतात. पण त्यांच्या स्टिकरांनी मला रडवलं. दोन महिन्यांत कडा उठल्या, म्हटलं काढूनच टाकू, हेअर ड्रायरने हलकं गरम करून ओढले तर तीन ठिकाणी खालच्या रंगाचा पापुद्रा सोबत आला आणि पांढरा फोम उघडा पडला. आता रंगवण्यावाचून इलाजच नव्हता. मनातून बरंच वाटलं म्हणा, निमित्त हवंच होतं.

रंग कुठला द्यायचा हे आधीच ठरलेलं. प्रत्येक मैदानावर तेच ते इंग्लंडमधलं बॅटल ऑफ ब्रिटनचं स्पिटफायर दिसतं, मला आपलं पाहिजे होतं. १९४४ मध्ये रॉयल इंडियन एअर फोर्सच्या ८ नंबर स्क्वाड्रनला स्पिटफायर मार्क ८ मिळाली आणि ती बर्माच्या आघाडीवर लढली. या आघाडीवरच्या विमानांची गंमत म्हणजे पंखांवर आणि अंगावर हवाई दलाच्या ओळखीचा जो गोल असतो त्यात लाल रंगच नाही. जपान्यांच्या विमानावर लाल सूर्य, म्हणून आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळ्या झाडू नयेत यासाठी १९४२ नंतर लाल काढून टाकला आणि फक्त गडद निळा आणि आत फिकट निळा ठेवला. वरून पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे, नाकाचा स्पिनर, म्हणजे पंख्याची टोपी, पण पांढरा, सगळं ओळख पटावी म्हणून. अंगावर हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला राखाडी. मार्क ८ प्रत्यक्ष बघायचं असेल तर दिल्लीला पालमच्या एअर फोर्स म्युझियममध्ये एनएच ६३१ नंबरचं विमान उभं आहे, गेलात तर त्याच्या पंखाच्या बुडाशी दोन मिनिटं थांबा, पत्र्याचा तो वळसा फोटोत कधीच नीट कळत नाही.

मापाचं गणित सोपं निघालं. खऱ्या स्पिटफायरचा पंख ३६ फूट १० इंच, म्हणजे ११.२३ मीटर, आपलं १.४ मीटर, बरोब्बर एक अष्टमांश. पंखावरचा पट्टा खऱ्यावर २८ इंच म्हणजे आपल्याकडे ८९ मिमी, शेपटीचा १८ इंच म्हणजे ५७ मिमी. सीरियल नंबर ८ इंच उंचीचा, म्हणजे आपला २५ मिमी आणि त्याची रेघ जेमतेम ३ मिमी. पट्टे टेपने जमतात, पण गोल आणि ही ३ मिमीची अक्षरं हाताने कापणं आपल्याच्याने होत नाही. डेकल, म्हणजे तयार स्टिकर, लावले की उन्हात कड चमकते आणि मग लांबूनही कळतं की चिकटवलंय. मास्क, म्हणजे आकार कापलेली चिकट फिल्म, लावून वरून रंगच मारला तर तो विमानाचाच भाग दिसतो. परदेशात लोक यासाठी ओरामास्क ८१३ नावाची स्टेन्सिल फिल्म वापरतात, कमी चिकट, खास याच कामाची. इथे पोराला विचारलं तर म्हणाला, "काका, ते नाय, पण भिंतीवर लावतात ते निघणारं व्हिनाईल आहे, चालेल का?" चाललं की.

पहिली खेप फुकट गेली आणि चूक माझी. मी घरी पीडीएफ करून नेली, त्याने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, कुठेतरी 'पेजमध्ये बसवा' असं काहीतरी झालं आणि ५१ मिमीचा गोल ४८ चा आला. घरी येऊन पट्टीने मोजला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तर पोराने स्वतःहून विचारलं, बारकं झालं ना काका, मला कापतानाच वाटलं होतं. अरे मग तेव्हाच बोलायचंस की! तर म्हणे गिऱ्हाइकाला शिकवलेलं आवडत नाय. पैसे मात्र दुसऱ्यांदा घेतले नाहीत. तर धडा असा की डिझाइनच्या कोपऱ्यात बरोब्बर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि कापायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर ती मोजायला लावा. आणि फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्याला ती परत ट्रेस करावी लागते आणि गोलाच्या कडा बटाट्यासारख्या येतात.

कटिंगची क्वालिटी मात्र खरंच मानली पाहिजे. सीरियलच्या ६ च्या पोटातला ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, तोसुद्धा स्वच्छ कापलेला. फालतू व्हिनाईल काढून वर ट्रान्सफर टेप लावून दिला. सहा गोल, दोन्ही बाजूंचे नंबर आणि विमानाचं अक्षर, शिवाय प्रत्येकाचा एकेक जादा सेट, सगळे मिळून ३८० रुपये. परदेशातून मास्क मागवले असते तर कुरिअरलाच याच्या कितीतरी पट गेले असते.

आता घरचं काम. फोमच्या शिवणी आणि साच्याचे फोड हलक्या फिलरने भरले, भिंतीची पुट्टी वापरू नका, जड होते आणि तडकते. ३२० च्या पॉलिश पेपरने घासलं, मग पाण्यावर चालणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे दोन पातळ हात आणि ४०० चा ओला पेपर. पंखाच्या पुढच्या कडेला त्याच पीयूने २५ जीएसएमचं, म्हणजे अगदी पातळ, काचेचं कापड चिकटवलं, तिथेच गवताचे मार बसतात. बाजारातला साधा स्प्रे कॅन आधी थर्माकोलच्या तुकड्यावर मारून बघा, तुकडा डोळ्यांदेखत खड्ड्यात जातो. विमानाचा ईपीओ फोम त्यापेक्षा तग धरतो, पण मला प्रयोग नको होता, वॅलेहोचे पाण्याचे रंग आणि ०.३ ची एअरब्रश. रंगात थेंबभर पांढरा मिसळला, बारकं मॉडेल लांबून बघतो तेव्हा मूळ गडद रंग काळपट वाटतो.

रिव्हेट्सवरून, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांवरून, घरात हशा झाला. मेडिकलमधून सिरिंज आणली, सुईचं टोक कापून बोथट केलं, फेव्हिकॉल किंचित पातळ करून पट्टीच्या कडेने थेंब थेंब ठेवत गेलो. पहिल्या पन्नास थेंबांत काही मोहरीएवढे, काही मेथीएवढे, पुसून परत केले. शंभरेक झाले की हाताला लय येते. वाळले की पारदर्शक होऊन बसके होतात आणि रंगाखाली हुबेहूब रिव्हेट. हे करताना स्पिटफायरचीच एक गोष्ट सारखी आठवत होती, सपाट रिव्हेट महाग आणि वेळखाऊ म्हणून नेमके कुठे लागतात हे बघायला ते बनवणाऱ्यांनी विमानावरच्या सपाट रिव्हेटांवर, साध्या रिव्हेटसारखा फुगवटा यावा म्हणून, वाटाण्याची डाळ चिकटवली होती, एकेका रिव्हेटला एकेक डाळिंबी. वेग ताशी २२ मैलांनी पडला. मग थोडी थोडी डाळ काढत परत परत उडवून बघितलं, कुठल्या जागी फरक पडतो आणि कुठल्या जागी नाही. हे मी घरात सांगितलं तर आई म्हणाली, डाळ वाया घालवायची नाही हां.

मास्कची खरी परीक्षा रंगात. पट्ट्यांना उलट पद्धत, आधी पांढरा मारून त्यावर टेप, मग वरून हिरवा-तपकिरी. टेप टामियाचीच पिवळी, साधी मास्किंग टेप फोमवर भरवशाची नाही. गोलाला आधी पूर्ण चकती फिकट निळी, मग आतल्या गोलावर मास्क ठेवून कडेचा गडद निळा. हे निघणारं व्हिनाईल सुद्धा आपल्या कामाला जरा जास्तच चिकट आहे, हा एवढाच दुकानाच्या मालातला दोष. डाव्या पंखावर तसंच लावलं आणि नखाएवढा हिरवा रंग घेऊन आलं. उजव्या पंखाला शहाणा झालो, मास्क आधी अंगातल्या टीशर्टवर चारपाच वेळा दाबून उचलला, चिकटपणा मेला, आणि खालच्या रंगाला दोन दिवस वाळू दिलं. आमच्याकडे ऑगस्टच्या हवेत हे दोन दिवस म्हणजे खरंच दोन दिवस, घाई करून चालत नाही, गच्चीवर तर ऊन नाहीच, नुसते ढग. अजून एक, मास्क लावल्यावर पहिला हात खालच्याच रंगाचा मारायचा. कडेतून जे काही झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बुजते, मग वरचा रंग सुरीने कापल्यासारखा येतो. आणि काढताना रंग अर्धवट ओला असतानाच, सरळ वर न ओढता स्वतःवरच दुमडत, सावकाश. सीरियलचा मास्क उचलला आणि ६ च्या पोटातला ठिपका जागेवरच राहिला, तो टूथपिकने काढला तेव्हा मी श्वास रोखून होतो हे नंतर कळलं. नंबर एकदम छापल्यासारखा. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली छान आहे, ६ जरा वाकडा नाही का. नाहीये वाकडा.

मळवणं, म्हणजे विमान वापरलेलं दिसावं म्हणून डाग पाडणं, हा वेगळाच नाद आहे, त्यात सुटलो की थांबता येत नाही आणि बरेच लोक इथेच विमानाचा कोळसा करतात. मी मोजकंच केलं. मर्लिन इंजिनाला दोन्ही बाजूंना सहा सहा सिलिंडर, त्यांच्या धुराड्यांपासून मागे खडूची राखाडी-तपकिरी पूड कोरड्या ब्रशने ओढली. पायलट डाव्या बाजूच्या छोट्या दारातून चढायचा, म्हणून डाव्या पंखाच्या बुडाशी स्पंजने चंदेरी ठिपके आणि मातीचा हात, उजवीकडे जवळजवळ काही नाही. दोन्ही बाजू सारख्याच झिजलेली मॉडेलं बघितली की मला त्रास होतो. मुंग्यांच्या वसाहती मात्र फिलरने बुजवल्या आणि त्यावर २बी पेन्सिलीने नव्या लाइनी मारल्या. वरून मॅट वार्निश. चंद्रावर निघालेल्या गड्याला खाकी शर्ट, चामडी टोपी आणि सावळा चेहरा दिला, आता निदान बर्माला निघालाय असं वाटतं.

वजन विसरू नका. रंगायच्या आधी १७६० ग्रॅम, नंतर १८४४. त्यातले अठराएक शेपटीकडे गेले आणि स्पिटफायरचं नाक आखूड, त्यामुळे बॅलन्स परत जागेवर आणायला पुढे ४० ग्रॅम टाकावे लागले. ते कुठून, तर रेडियमवाल्याच्या शेजारच्या टायरवाल्याकडून, चाकांच्या बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं, पाच पाच ग्रॅमचे तुकडे. या कामासाठी यापेक्षा सोयीची वस्तू मला तरी अजून मिळाली नाही.

उडवलं ते एका रविवारी सकाळी, आभाळ पांढुरकं, धुरकट. जुन्या रंगात हे विमान जरा लांब गेलं की काळा ठिपका व्हायचं, उजवीकडे वळतंय की डावीकडे तेच कळायचं नाही, एकदा त्यापायी झाडात घातलंय. या वेळी ते लांबच्या टोकाला वळलं, पाठ माझ्याकडे झाली आणि हिरव्या-तपकिरीवर दोन पांढरे पट्टे लख्ख चमकले. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या कामासाठी मारले होते त्याच कामाला आले. उतरताना चाक जरा उसळलं, स्पिनरला ओरखडा आला, ठेवलाय तसाच.

दुकानाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो व्हिनाईलच्या चिकटपणासाठी आणि लहान झालेला गोल बघूनही गप्प बसल्याबद्दल. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, बुलेटवाल्यांची गर्दी असते, कामाच्या दिवशी सकाळी अकराला गेलात तर पोरगा निवांत सापडतो आणि मनापासून करतो. परवा मित्राच्या टेम्पेस्ट विमानाचे मास्क कापायला गेलो तर माझी फाईल अजून त्याच्या डेस्कटॉपवर होती, नाव दिलंय 'विमान काका फायनल २'. मोबाईलवर उडतानाचा व्हिडिओ दाखवला, त्याने तो बाहेरच्या तीन पोरांना बोलावून परत लावायला सांगितला, आणि नंबर दिसला तिथे पॉज करून म्हणाला, हा मी कापलाय.