चिखलातली शर्यत: क्लीट की फ्लॅट?

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतल्या दोघा-तिघांचा फोन ठरलेला. "यंदा एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या शर्यतीला नाव दिलंय, पेडलं कुठली लावू?" सायकल कुठली, टायर किती रुंद, हे प्रश्न एकतर त्यांनी सोडवलेले असतात, नाहीतर खिशानं. अडतं ते पेडलपाशी. आणि अडतं तेही अशांचंच, जे वर्षभर डांबरी रस्त्यावर क्लीट लावून फिरतात. क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला बसवलेली, पेडलमध्ये टक् करून अडकणारी पकड. ज्यांनी आयुष्यात क्लीट लावलेलीच नाही त्यांनी खुशाल फ्लॅटवर, म्हणजे पाय नुसता ठेवायच्या सपाट पेडलवर जावं. त्यांच्यासाठी पुढचं सगळं निव्वळ करमणूक आहे.

मी दोन्ही करून पाहिलंय. मुळशी खोऱ्यातली एकच शर्यत, थोड्याफार फरकानं तोच मार्ग. पहिल्या वर्षी क्लीट, पुढची दोन वर्षं फ्लॅट. हौशी गट, पंचेचाळिशी ओलांडलेली, नंबर कायम मधल्या घोळक्यात. तेव्हा हे मत मधल्या घोळक्यातल्या माणसाचं आहे. पुढे पळणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकेल.

आधी क्लीटची बाजू, कारण पहिल्या वर्षी मी त्याच बाजूचा होतो. ओल्या मुरमाच्या चढावर मागचं चाक कधी सुटेल याचा नेम नसतो. तिथे पेडल झटके न देता गोल फिरवावं लागतं, आणि पाय बांधलेला असला की ते सोपं जातं. मला तरी तसं वाटतं. धोंड्यांच्या उतारावर तर फरक लगेच कळतो. सायकल खालून धक्के देत असते आणि पाय मात्र जागच्या जागी. मूळ आडवं आलं, जरा उडी घेतली, सायकल पायाबरोबर वर येते. फ्लॅटवर हेच करायला पाऊल कसं वळवायचं ते शिकावं लागतं, आणि ते शिकेपर्यंत सायकल खाली आणि आपण वर अशी अवस्था बऱ्याचदा होते. शिवाय वर्षाचे दहा महिने ज्या पेडलवर पाय आहे तेच पेडल शर्यतीत असावं, या म्हणण्यातही तथ्य आहेच. क्रॉस-कंट्रीच्या जागतिक शर्यती बघा, झाडून सगळे क्लीटवर असतात.

आता माझी फजिती.

जुलै संपत आला होता. लावणी नुकतीच उरकलेली, खाचरं काठोकाठ भरलेली. तीन फेऱ्यांची शर्यत. फेरीत चार ठिकाणी मला सायकलवरून उतरावं लागत होतं: एक ओढा, भातखाचरांचा बांध, एक चिकट चढ आणि पठाराच्या कडेचा शेवाळलेला कातळ. म्हणजे तीन फेऱ्यांत बारा वेळा उतरायचं आणि बारा वेळा चढायचं. नाव नोंदवताना हा हिशेब मी केलाच नव्हता. कुणीच करत नाही. आपण चढ किती आणि किलोमीटर किती एवढंच विचारतो.

पहिल्या फेरीत ओढा ओलांडला, सायकल खांद्यावरून उतरवली, पाय पेडलवर ठेवून दाबला. टक् आवाज आला नाही. पुन्हा दाबला. नाही. त्या आवाजाची पायाला इतकी सवय झालेली असते की तो आल्याशिवाय पाय पुढचं काही करायला तयारच होत नाही. बूट उलटा करून पाहिला तर क्लीट दिसतच नव्हती. तळव्यातल्या ज्या खाचेत क्लीट असते, तिथे चिखलाची वडी थापून बसली होती. अळूवडीसारखे थर आणि मधून मधून गवताची पाती. बोटानं निघेना. करवंदीची एक काटकी मोडली, बांधावर बसलो आणि कोरायला घेतलं. मागून येणारे "जाऊ दे, जाऊ दे" ओरडत बाजूनं निघून गेले.

बांधावर प्लॅस्टिकची खोळ पांघरलेले एक आजोबा उभे होते. म्हणाले, "पायडल मोडलं काय ओ?"

म्हटलं, "नाही आजोबा, पाय बसत नाहीये."

"मग काढा की त्यो बूट!"

हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या फेरीत त्याच जागी, त्याच बांधावर, नवी काटकी घेऊन मी बसलेलो. आजोबा तिथेच. या वेळी काही बोलले नाहीत, नुसतं बघत राहिले. ते जास्त लागलं.

किती वेळ गेला ते घड्याळ लावून मोजलेलं नाही. पण बारापैकी निदान आठ वेळा तरी हा कार्यक्रम झाला. वेळेपेक्षा वाईट म्हणजे मधली स्थिती, पाय ना धड अडकलेला ना धड मोकळा. क्लीटचं पेडल तळहातापेक्षा लहान, बुटाचा तळ कडक, मध्ये चिखल. तसंच रेटून निघालं की पाऊल तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला पुढे निसटतं आणि सगळं वजन नको तिथे येऊन आदळतं. पुरुष वाचकांना जास्त सांगायला नको.

लोकांना भीती उलटीच असते. ते विचारतात, पाय सुटलाच नाही तर? तेही झालं. खडे अडकून एकदा पाय सुटेना, आणि मी सायकलसकट सावकाश, अगदी समारंभपूर्वक खाचरात आडवा झालो. पण खाचर मऊ असतं. नवी लावलेली रोपं दबली म्हणून शेतकऱ्याची माफी मागितली, तेवढंच. पडण्यानं माझं मत बदललं नाही. बदललं ते पाय न बसण्यानं, आणि त्या काटकीनं.

यावर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. पेडलला आणि बुटाच्या तळाला सिलिकॉनचा फवारा मारा, चिखल धरत नाही. खरं आहे, एक फेरी धरत नाही (फवारा ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका, एवढं सांभाळा). पेडलची स्प्रिंग सैल करा. त्यानं सुटायला मदत होते, बसायला फारशी नाही. शिमानोची पद्धत वापरत असाल तर एसएच 51 ऐवजी एसएच 56 क्लीट लावा, ती जास्त दिशांनी सुटते. नवख्यांना हे मीही सांगतो. एका मित्राकडून एगबीटर नावाची पेडलं उसनी आणून तीही चालवली. त्यांना चार बाजू, मधे सगळं मोकळं, चिखल साठायला जागाच नाही. चिखलासाठी क्लीटच हवी असेल तर मी डोळे झाकून तिकडे बोट दाखवीन. पण माझ्या अनुभवात मूळ दुखणं पेडलमध्ये नव्हतंच, बुटात होतं. तळव्यातली खाच तशीच भरते. ती भरली की पेडल कितीही मोकळं असो, क्लीट पोचायची कुठे?

इथे कुणीतरी बेल्जियमचं नाव काढतंच. तिथले सायक्लोक्रॉसवाले ढोपरभर चिखलात क्लीट लावून पळतात, खाली उतरतात, सायकल खांद्यावर टाकतात, धावत चढून पुन्हा बसतात. मान्य. पण त्यांच्या मार्गावर पिट असतो. तिथे दुसरी धुतलेली सायकल घेऊन माणूस उभा असतो; चिखलाची सायकल त्याच्या हातात द्यायची, स्वच्छ घेऊन निघायचं, तोवर तो पहिली पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढतो. आपल्याकडे धुणारा माणूस म्हणजे घरी पोचल्यावर आपणच, तेही बाथरूममध्ये नको असं बजावल्यावर.

आणि एक चालण्याचं. तो शेवाळलेला कातळ आठवतोय ना? क्लीटच्या बुटांनी त्यावर चालताना खाली लोखंड असतं. घोड्याच्या नालेसारखा आवाज करत, सायकलीचाच आधार घेत मी तो पार करायचो. पाऊस ताम्हिणीच्या बाजूनं भरून आला की त्या कातळावर उभं राहणंसुद्धा कसरत. घाटावरच्या काळ्या मातीत शर्यत असेल तर विचारूच नका. तिथे चाक आणि फ्रेम यांच्यात माती ठासून बसते, चाक फिरायचंच बंद होतं, आणि पेडलचा प्रश्न निकालात निघतो. निम्मा वेळ तुम्ही पायी असता. तिथे मी फक्त चालायला कुठला बूट बरा, एवढंच बघेन.

पुढच्या वर्षी फ्लॅट लावली. नायलॉनची, रुंद, वर लोखंडी पिना, मधे मोठी भोकं. ओढा ओलांडला, पाय ठेवला, निघालो. बस. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. चिखल फ्लॅटवरही बसतो, पण पेडलच्या भोकांतून तो खाली ढकलला जातो, आणि पाऊल एकदा घासलं की पिना पुन्हा बुटात रुततात. थोडंसं वाकडं पडलं तरी चालतं. चिकट चढावर चाक घसरलं की पाय आपोआप जमिनीवर. त्याच भरवशावर मी दोन ठिकाणी उतरलोच नाही. आदल्या वर्षी तिथे भीतीपोटी आधीच उतरायचो. बारा वेळा उतरायचं ते सहा-सात वेळांवर आलं. हा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता.

फ्लॅटची दुखणी लपवत नाही. पहिली म्हणजे नडगी. पाऊल सटकलं की पेडल गर्रकन फिरून पिना नडगीत घुसतात. माझ्या उजव्या नडगीवर चार ठिपक्यांची रांग अजून आहे. चिखलातली जखम म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन आलंच, त्यामुळे ते आधीच घेतलेलं बरं, आणि नडगीचे पॅडही लावा, भले सोबतचे हसोत. दुसरं, धोंड्यांच्या उतारावर पाय उडतात. टाच खाली दाबून, गुडघे सैल सोडून उतरायची सवय लागायला मला दोन महिने लागले, तेही दर रविवारी. तिसरं, बूट. साधे पळण्याचे बूट घालून फ्लॅटला नावं ठेवणारे खूप. सपाट, मऊ, चिकट रबराचा तळ नसेल तर पिनांचा उपयोग नाही. हे बूट पाणी पितात, जड होतात, आणि वाळायला वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून दोन दिवस लागतात. पावसाळ्यात तीन.

फ्लॅट म्हणजे नवशिक्यांचं काम, असं एक मत क्लीटवाल्यांत फिरत असतं. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलनं 2006, 2007 आणि 2010 साली डाउनहिलची, म्हणजे उताराच्या शर्यतीची, जागतिक अजिंक्यपदं फ्लॅटवर घेतली आणि मग 2017 ते 2019 सलग तीनदा एन्ड्युरोची, म्हणजे फक्त उतारांचा वेळ मोजणाऱ्या डोंगरी शर्यतींची, जागतिक मालिका जिंकली, तीही फ्लॅटवर. अर्थात आपण सॅम हिल नाही, हे माझी बायको मला वेळोवेळी सांगते. सांगायचं इतकंच की चारचौघांत लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. आणि ही अडकवायची कल्पना मुळात आली ती स्कीच्या बूट-पकडीवरून, 1980 च्या दशकात, रस्त्यावरच्या शर्यतींसाठी. एकदा पाय बसला की तासन् तास हलत नाही, अशा लोकांची ती सोय. भाताच्या बांधावरून सायकल वाहणाऱ्याची नाही.

आता प्रामाणिकपणे दुसऱ्या तागडीत एक वजन टाकतो. माझा मावसभाऊ तिन्ही वर्षं क्लीटवरच होता आणि तिन्ही वर्षं माझ्या पुढे. गेल्या वर्षी चांगला दहा मिनिटं. त्याच्या मते हा सगळा वाद म्हणजे माझी सबब आहे. पण तो तिशीतला, सिंहगड आठवड्यातून दोनदा चढणारा. तो चपला घालून आला असता तरी पुढेच गेला असता. आणि शर्यत संपल्यावर तंबूच्या मागे काटकी घेऊन कोण बसलं होतं ते मी पाहिलंय.

तर तुमच्या मार्गावर उतरण्याच्या जागा एक-दोनच असतील, माती लाल आणि वाहून जाणारी असेल, धोंड्यांचे उतार लांबलचक असतील, तर क्लीट ठेवा, मी वाद घालणार नाही. आयोजकांना चढाचे मीटर विचारण्याऐवजी विचारा, सायकल खांद्यावर किती वेळा घ्यावी लागते. उत्तर तीनच्या वर गेलं तर मी तरी फ्लॅट लावीन. जमलं तर शर्यतीआधी एखाद्या रविवारी दोन्ही घेऊन भर पावसात एखाद्या शेतवाटेवर जा आणि दहा वेळा चढ-उतर करून बघा. दहाव्या वेळी चिडचिड कुठल्या पेडलवर जास्त होते ते आपोआप कळेल.

आणि बदलायचं ठरलं तर आदल्या रात्रीवर ठेवू नका. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे माहीत असूनही घाईत चूक होते. पाना वरून लावला तर दोन्ही पेडलं मागच्या चाकाच्या दिशेनं सुटतात, एवढं ध्यानात ठेवा. बसवताना आट्याला ग्रीस लावा. मी पहिल्या वर्षी लावलं नव्हतं. क्लीटची ती पेडलं काढायला शेवटी पान्याला हातभर पाइप लावून दोघांनी जोर केला, तेव्हा कुठे डावं सुटलं.