कोलॅजनची मेम्ब्रेन की प्लाझ्मा मारलेली पीसीएल?

हिरडीखालचं हाड झिजलं की फ्लॅप (हिरडीचा पदर) उघडून, साफ करून मध्ये मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, ठेवतात, कारण हिरडीची वरची कातडी भराभर खाली पळते आणि हाडाच्या नि दाताला हाडाशी बांधणाऱ्या लिगामेंटच्या पेशी मागेच पडतात, त्यांच्यासाठी निदान ४-६ आठवडे जागा राखायला लागते. १९८२ मध्ये हिरडीतज्ज्ञ निमन आणि मंडळींनी हे माणसात दाखवलं तेव्हा तो पडदा विरघळणारा नव्हता, म्हणजे काढायला पुन्हा चिरफाड.

कोलॅजन हे शरीरातलंच प्रथिन, त्यामुळे पेशींना आपलंच वाटतं, लगेच चिकटतात. ओलं झालं की ओल्या टिश्यूपेपरसारखं हाडावर बसतं, पण खड्डा मोठा असेल तर आतच कोसळतं, वर मेम्ब्रेन उघडी पडली तर बॅक्टेरियांची एन्झाइम्स ती लवकर खाऊन टाकतात. आणि बऱ्याचदा ते डुकराचं किंवा गायीचं असतं बरं का, शाकाहारी पेशंटला आधीच सांगा, नंतर कळलं तर काय होतं ते बघायला नको.

पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) दणकट, विरघळायला २ वर्षं सहज घेते, पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) या तसल्याच दुसऱ्या प्लास्टिकइतकं आम्लही सोडत नाही. पण साध्या शीटवर थेंब टाका, अगदी अळवावरचं पाणी! पेशी तिथे काय टिकणार? काही मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू, रक्तातला प्लाझ्मा नव्हे) दिला की तोच थेंब पसरतो. गोची अशी की पाकिटात पडून हा गुण ओसरत जातो, म्हणून वर जिलेटिन वगैरेचा थर चढवतात.

आज पेशंटच्या तोंडात मी कोलॅजनच ठेवीन, पीसीएलचं काम अजून बरंचसं लॅबमध्येच आहे.