कॅन्टिलिव्हरवरचा असंतुलित भार: रेषीय घटक की प्लेट घटक?

आय-छेदाच्या (I आकाराच्या) २ मीटर कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या, तुळईच्या मोकळ्या टोकाशी, अक्षापासून १५० मिमी बाजूला १० किलोन्यूटन भार असेल, तर स्वभार वगळता आधाराशी २० किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंटबरोबरच (वाकवणाऱ्या आघूर्णाबरोबरच) १.५ किलोन्यूटन-मीटर पीळही येतो. रेषीय घटकांच्या, म्हणजे तुळई नुसत्या अक्षरेषेने दाखवणाऱ्या, संगणकीय मॉडेलमध्ये ही उत्तरे क्षणात मिळतात. मात्र भार चुकून अक्षावरच ठेवला, तर पीळ शून्य येतो आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. शिवाय वॉर्पिंग (पिळामुळे छेद सपाट न राहणे) न धरणारा नेहमीचा घटक, आधारापाशी ते रोखले गेल्याने फ्लँजमध्ये (आय-छेदाच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांत) उद्भवणारे स्ट्रेस दाखवत नाही, आणि आय-सारख्या उघड्या छेदात तेच निर्णायक ठरू शकतात. तुळईची प्रत्येक पट्टी छोट्या सपाट तुकड्यांच्या जाळीने दाखवणाऱ्या प्लेट घटकांत ते दिसतात; पण आधाराच्या कोपऱ्यातला स्ट्रेसचा आकडा जाळी बारीक करावी तसा वाढतच जातो, म्हणून तो जसाच्या तसा घेऊ नये. जाड भिंतींच्या बंद पेटीछेदाला मी रेषीय घटकच पुरेसा मानतो.