तीन मजली कंपोस्ट डबा: आठ महिने वापरल्यावर

घरच्या घरी खत करायचा डबा घेऊन आठ महिने झाले म्हणून आता लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी वाचलेले बहुतेक रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले होते आणि पहिल्या आठवड्यात कुठलाही डबा छानच वाटतो. डबा म्हणजे एकावर एक बसणारे तीन, वरच्या दोघांना भोकं आणि सगळ्यात खालच्याला पाणी काढायची तोटी. वरचा भरला की मधे ठेवायचा, मधला रिकामा करून वर घ्यायचा, एवढंच.

पहिल्या महिन्यात मी तो परत करायच्या बेतात होते. झाकण काढलं की चिलटांचा लोट अंगावर, आणि वास असा की शेजारी उभं राहवेना. चूक डब्याची नव्हती, सोबतच्या माहितीपत्रकाची होती. त्यात फक्त "रोज मूठभर पावडर टाका" असं लिहिलेलं, मी इमानदारीत टाकत होते, पण ती पावडर म्हणजे नुसतं विरजण, त्याने ओल कमी होत नाही. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन लागतो आणि साली-देठांमध्ये कार्बन त्यापेक्षा बराच कमी असतो, तो वाळक्या पानांतून, पुठ्ठ्यातून, लाकडाच्या भुशातून द्यावा लागतो. हे कळल्यावर डब्याशेजारीच फाडलेल्या पुठ्ठ्याची पिशवी टांगली, एक वाटी ओलं टाकलं की दोन वाट्या सुकं, आणि आठवड्याभरात वास गेला, खरंच गेला! अमोनियासारखं नाकात झोंबलं तर सुकं कमी पडतंय, सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा जात नाहीये, खालून वर ढवळायचं. मूठभर घेऊन घट्ट दाबलं की एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागली तर पुठ्ठा वाढवा.

मधे एकदा जाडजूड पांढुरक्या अळ्या दिसल्या आणि घरात सगळे किंचाळले. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, चावत नाहीत, काही करत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. राहू द्या त्यांना.

कंपनीवर राग आहे तो पिशव्यांचा. डब्यासोबत "कंपोस्टेबल" पिशव्यांचा रोल दिला होता, कचरा त्यात बांधून टाका म्हणे. तीन महिन्यांनी मधला डबा उपसला तर पिशवी जशीच्या तशी, फक्त मळलेली. अशा बऱ्याच पिशव्या 58 अंशांच्या आसपास कित्येक आठवडे राहिल्या तरच कुजतात, आणि तेवढी उष्णता धरून ठेवायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो, घरातला डबा जेमतेम कोमट होतो. हे रोलवर ठळक लिहायला हवं होतं. माणूस चांगलं करायला जातो आणि त्याला अर्धवट सांगतात, हे मला पटत नाही.

तोटी दोनदा तुंबली, आतून जाळी लावलेली बरी.

पण खत बघाल तर! काळंभोर, भुसभुशीत, आणि हातात घेतलं की पहिल्या पावसातल्या मातीचा वास, दोन्हीकडे तो वास जिओस्मिनचाच, मातीतले सूक्ष्मजीव बनवतात. हाच कचरा डम्पिंग ग्राउंडवर गाडला गेला असता तर हवेविना कुजून मिथेन झाला असता, जो 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळजवळ 28 पट तापवतो. आणि ओलं वेगळं गेल्यामुळे उरलेल्या कचऱ्याला वास नाही, त्या डब्याला प्लॅस्टिकची पिशवी लावायचंच बंद केलंय.

चाळताना फळांवरचे इवलेसे स्टिकर सापडतात, प्लॅस्टिकचेच ते, छापलेला आकडा अजून वाचता येतो. आता साल टाकायच्या आधी नखाने काढून घेते.

पाचपैकी चार. डब्याएवढीच जागा पुठ्ठ्याच्या पिशवीला देता येणार असेल तर नक्की घ्या, नसेल तर थांबा.